पानाखालचा अंगठा

ये, बस. दिवा तुझ्याकडे ओढून घे, माझं काही अडत नाही. लेखनिकाचं काम शिकायचं म्हणतेस, तर शिकवते. शिकवण्यासारखं त्यात फार नाही. ज्याला पेन धरता येत नाही त्याच्या शेजारी बसायचं आणि तो सांगेल ते लिहायचं, एवढंच. पण उद्या तू माझ्याऐवजी एका घरी जाणार आहेस, आणि त्याआधी दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट तुला माहीत असलेली बरी. ऐकून घे, मग हसायचं तर हस. माझी सूनही हसली होती.

मी एकतीस वर्षं न्यायालयात लघुलेखिका होते. समोरचा बोलतो, हात चालतो. मध्ये डोकं आणायचं नाही, ते आलं की हात अडखळतो. खुनाच्या खटल्याची साक्ष लिहिताना मी संध्याकाळी भाजी काय करायची याचा विचार करत असे, आणि नंतर तेच कागद वाचताना माझ्याच अंगावर काटा येई. निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनेच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा बरं, म्हणून हे काम धरलं. लेखनिकाला विषय येत नसावा असा नियम असतो, म्हणजे तो उत्तर सुचवू शकत नाही. त्या बाबतीत माझ्याइतकी लायक बाई शोधून सापडली नसती. भौतिकशास्त्र कशाशी खातात हे मला आजही माहीत नाही.

बाकीचे नियमही सोपे आहेत. ऐकलं तेच लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. त्या खोलीतलं बाहेर कुणाशी बोलायचं नाही. आणि प्रत्येक पान संपलं की मुलाने तळाशी डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा. सही करता येत नाही, म्हणून ठसा. वरचे शब्द त्या मुलाचेच आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जांभळ्या शाईचं छोटं स्टॅम्पपॅड माझ्या पर्समध्ये कायम असायचं.

तर त्या वर्षी एका बाईंचा फोन आला. दातांच्या डॉक्टर होत्या. आवाजात घाई, पण गोड.

"काकू, माझ्या मुलीचा हात चालत नाही. परीक्षेला तेवीस दिवस राहिलेत. तिथे लेखनिक मिळेल, पण तिला सांगून लिहून घ्यायची सवय नाहीये. रोज दुपारी तीन ते सहा एक सराव पेपर लिहाल का? अगदी खऱ्यासारखा. ठशासकट."

मी हो म्हटलं. माझ्या दुपारी रिकाम्याच जात होत्या.

खाली दवाखाना आणि वर राहतं घर. जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टरबाई मला वर सोडायला आल्या आणि जिन्यातच, आवाज खाली आणून, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. दीड महिन्यापूर्वी शाळेतल्या परीक्षेत मुलीने पेन उचललं आणि उजव्या हाताची बोटं जी तळव्यात मिटली ती मिटलीच. हाडांचे फोटो झाले, नसांच्या तपासण्या झाल्या. सगळे रिपोर्ट चांगले.

"मीच तिला विचारलं हो, नाटक तर करत नाहीस ना," त्या म्हणाल्या. "मग एकदा ती झोपलेली असताना पाहिलं. झोपेत बोटं उघडतात. पण झोपते तरी कुठे… मोठे डॉक्टर म्हणाले, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. दाखवू ना. परीक्षा होऊन जाऊ दे."

मुलीला घरात मिठू म्हणत. लहानपणी अखंड बडबड करायची म्हणून पडलेलं नाव. आता सोळा वर्षांची होती आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. तिच्या खोलीत खिडकी होती, पण दिसत नव्हती. तिच्यावर सूत्रांचे तक्ते, वेळापत्रक आणि मध्यभागी मिठूच्या गुणांचा आलेख चिकटवलेला. आलेख वडिलांनी काढला होता. ते महिन्यातले वीस दिवस कामानिमित्त बाहेर असत, पण जाताना पुढचे चौकोन आखून ठेवून जात. लाल रेघ वर्षभर वर चढत गेली होती आणि शेवटच्या तीन चौकोनांत खाली आली होती. भर दुपारी त्या खोलीत टेबलावरचा दिवा लावावा लागे. कागद उडतात म्हणून पंखा बंद. दाराबाहेर डॉक्टरबाई स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ तीन तासांचं लावून जात, आणि खालून फरशीतून ड्रिलचा बारीक, चिरका आवाज येत राही. कुणाच्या तरी दाताशी झटापट चाललेली असे.

"तुम्हाला काय म्हणू?" पहिल्या दिवशी तिने विचारलं.

"काहीही म्हण. फक्त आजी म्हणू नकोस, मी अजून सत्तरीची झालेली नाही."

"बरं, आजी," ती म्हणाली, आणि ओठांचा एक कोपरा जरासा हलला. मला ती तेव्हाच आवडली. नंतर ती कायम आजीच म्हणाली, दुसरं काही नाही. हे लक्षात ठेव.

पहिले तीन दिवस सुरळीत गेले. ती सांगे, मी लिही. मी लिहिताना मुलाच्या तोंडाकडे बघत नाही, कागदाकडे बघते आणि कान त्याच्याकडे ठेवते. जुनी सवय. तिची उत्तरं बरोबर असत की चूक देव जाणे, पण ती कुठे अडखळत नव्हती. एवढं मात्र दिसत होतं की डाव्या हाताने ती सारखी कानामागचे केस ओढायची. तिथे नाण्याएवढी जागा उजाड झाली होती. मी पाहिलं आणि कागदाकडे वळले. केसांचं मला कुणी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, साधारण साडेचारच्या सुमाराला, मला वास आला. लवंगेचा नाही. ओल्या चुन्याचा, थंडगार. घरात कुठे भिंत लिंपताहेत की काय असं वाटून गेलं. खाली ड्रिल थांबलं होतं. मिठूचा आवाज थोडा घोगरा, थोडा खालच्या पट्टीत आला होता, आणि नेहमीपेक्षा जवळून. दमली असेल बिचारी, असं मनात म्हटलं आणि हात चालू ठेवला. मला एक शब्दही ऐकल्याचं आठवत नाही. हाताने ऐकलं. पान भरलं तसं मी ते तिच्यापुढे न बघता सरकवलं, मग परत ओढून पालथं घातलं आणि पुढचं घेतलं.

दिवसाचे कागद मी रात्रीच्या जेवणाआधी वाचून काढते, अक्षर लागतं ना हे बघायला. त्या दिवशीचं सातवं पान हातात घेतलं. प्रकाशकिरणाबद्दल काहीतरी होतं. तो एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना स्तंभिकेकडे झुकतो म्हणे. झुकू दे. त्याच ओळीत, माझ्याच अक्षरात, पुढे लिहिलेलं होतं:

"मॅडम, मी फार दमलेय. कुणीतरी आता पुरे म्हणा."

आणि त्याच्यापुढे परत प्रकाशकिरण.

आता मी काय केलं ते सांगते, आणि ते सांगायची मला लाज वाटते. मी पट्टी घेतली. न्यायालयात साक्षीदार मध्येच भलतं काही बोलला की साहेब म्हणत, हे वगळा, आणि मी पट्टी लावून ती ओळ सरळ रेघेने खोडत असे. नीटनेटकी. हात आपसूक तसाच चालला. निम्मी ओळ खोडून झाली आणि हात तिथेच थांबला, कारण ही ओळ मी आधीही एकदा खोडली होती. हीच. शब्दन् शब्द.

त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. लेखनिक म्हणून माझं पहिलंच वर्ष. परीक्षेच्या केंद्रावर एक मुलगी होती, उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली होती. प्लास्टर आदल्याच संध्याकाळी घातलेलं, पुरतं वाळलेलंही नव्हतं. तीन तास माझ्या नाकाशी तो ओल्या चुन्याचा वास होता. ठसा द्यायला तिने डावा अंगठा पुढे केला तेव्हा त्याच्यावर एक तिरकी, जुनी खूण दिसली होती. पत्र्याच्या डब्याने कापलं होतं, लहानपणी, असं तिने सांगितलं. उत्तर सांगता सांगता, तशाच सपाट आवाजात, ती ते वाक्य बोलली. मी लिहूनही मोकळी झाले. मग पान वाचताना लक्षात आलं, तर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की याने तिचे गुण कापले जातील. मी पट्टी लावून ओळ खोडली आणि म्हटलं, "उत्तराकडे लक्ष दे, वेळ जातोय." ती माझ्याकडे बघत राहिली. मग खोडलेल्या ओळीच्या पानावर तिने अंगठा इतका जोरात दाबला की शाई पसरली. काय झालं असेल हिला, पुढच्या पेपरला विचारू, असं मी मनात म्हटल्याचंही मला आठवतं.

दोन पेपर राहिले होते. दोन्ही दिवशी मी वेळेवर जाऊन बसले, ती आली नाही. मग वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, पानाच्या तळाशी.

मी कुणाला काही सांगितलं नाही. खोलीतलं बाहेर बोलायचं नाही, हा नियमच होता ना. नियम फार सोयीचे असतात गं.

त्या रात्री मी ते सातवं पान दिव्याखाली धरलं. इतर पानांवरचे मिठूचे ठसे स्वच्छ होते, गोल गोल रेषा, मध्ये काही नाही. सातव्या पानावरच्या ठशातून एक पांढरी तिरकी रेघ गेली होती. कागदाला चुणी पडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बोटाने चाचपून पाहिलं. कागद सपाट होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे पोचले ती मनाशी एक ठरवून, की पेपर सुरू होण्याआधीच विचारायचं. डॉक्टरबाईंनी घड्याळ लावलं, दार ओढून घेतलं, त्यांच्या चपला जिन्यावरून खाली गेल्या.

"मिठू," मी म्हटलं, "काल उत्तर सांगताना मध्येच तू काही म्हणालीस का? दमलेय वगैरे?"

"मी? नाही… पण आजी, मला वाटलं तुम्ही तुमचं काहीतरी लिहिताय."

"म्हणजे?"

"मला मध्येच काही आठवेना. मी गप्पच होते, पाचएक मिनिटं… आणि तुम्ही लिहीत होतात. थांबतच नव्हतात. मग मला वाटलं, मध्ये बोलू नये."

"आणि ठसा? त्या पानावर ठसा दिलास ना?"

"नाही. तुम्ही पान पुढे सरकवलंत आणि मी अंगठा उचलायच्या आत परत ओढून घेतलंत."

खाली ड्रिल सुरू झालं. तिने तेवढ्यात टेबलाचा खण उघडून एक पत्र्याचा डबा काढला. रंगपेन्सिलींचा, चांगला छत्तीस रंगांचा. टोकं सगळी एकसारखी केलेली.

"हा तुमच्या नातवाला द्या."

"अगं, इतका छान डबा. तुझा आवडता दिसतोय."

"हो. पण मला आता नाही लागणार."

आणि मी तो घेतला! गुणाची गं माझी बाई, असं म्हणून पर्समध्ये टाकलासुद्धा. एकतीस वर्षं साक्षी लिहिलेली बाई मी, माणूस आपल्या आवडीची वस्तू अशी वाटायला लागलं की त्याचा अर्थ काय, हे मला कळायला नको? तिचा आवाज इतका साधा होता की मी त्या आवाजाला फसले.

पेपर सुरू झाला. पहिलं पान झालं, ठसा झाला. मी पॅड मिटून पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन ओढली. हे मी मुद्दाम केलं आणि मुद्दाम लक्षात ठेवलं. दुसरं पान निम्मं झालं असेल, तेवढ्यात खालचा आवाज थांबला. घड्याळाची टिकटिक तेवढी दाराबाहेर चालू होती. आणि वास आला. या वेळी लांबून नाही. कुणीतरी ओलं प्लास्टर माझ्या डाव्या खांद्याजवळ आणून धरावं, तसा.

आवाज सुरू झाला… घोगरा, सपाट, घाई नसलेला. माझा हात चालू लागला.

मी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा, लिहिता लिहिता. मिठू त्या बुजवलेल्या खिडकीकडे बघत बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते. दोन्ही हात मांडीवर. आणि आवाज माझ्या डाव्या कानाशी बोलत होता. त्या बाजूला कुणीच नव्हतं, नुसती भिंत होती.

मी हात थांबवायला बघितला. थांबेना. ऐकू येतंय तोवर लिहायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं.

"आजी…" मिठू कुजबुजली. तिने आता माझ्याकडे पाहिलं होतं. "आजी, मी काही बोलत नाहीये. तुम्ही काय लिहिताय?"

"थांब, बाळा…"

"आजी, कसला वास येतोय?"

तिलाही येत होता. वास फक्त माझ्या डोक्यात असता तर मी घरी जाऊन एक गोळी घेऊन झोपले असते.

आवाज थांबला तसा हात थांबला. मी खाली बघितलं. पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं:

"मॅडम, मला पुढच्या पेपरला विचारणार होतात. हिला आज विचारा. ही फार दमलीय. कुणीतरी आता पुरे म्हणा."

पुढच्या पेपरला विचारू, हे मी मनात म्हटलं होतं. नवऱ्याशी बोलले नव्हते, मुलाशी बोलले नव्हते, देवापुढेसुद्धा कधी तोंडातून काढलं नव्हतं. आणि मी बघत असताना पानाच्या तळाशी कागद जांभळा व्हायला लागला. आधी एक ठिपका. मग त्याभोवती रेषा, एकामागून एक, खालून कुणी दाबत असल्यागत वर येत गेल्या. शेवटी मधोमध ती तिरकी पांढरी रेघ राहिली. मिठूचे हात मांडीवरच होते. पॅड माझ्या पर्समध्ये, चेन लावलेली.

मी किंचाळले नाही. तेवढी मला सवड नव्हती. मी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"मिठू, झोप लागते का गं तुला?"

तिने मान हलवली. नाही.

"रात्री काय करतेस?"

"छताकडे बघत पेपर सोडवते. मनात. चुकलं की पहिल्यापासून."

"आणि सकाळी?"

ती बराच वेळ बोलली नाही. मी गप्प बसले. मला ते येत नाही, पण बसले.

"सकाळ होऊच नये असं वाटतं," ती म्हणाली. "रोज. आता रोजच वाटतं. मी नसले तर… बाबांना ते चौकोन आखावे लागणार नाहीत."

"आज काही ठरवलं होतंस?"

तिने माझ्या पर्सकडे पाहिलं, जिच्यात तो डबा होता, आणि तिचे डोळे भरून आले. मला उत्तर मिळालं.

"आजी, हे बाहेर सांगायचं नाही ना? तुमचा नियम आहे ना…"

"आहे," मी म्हटलं. "तो आज गेला खड्ड्यात. ऊठ."

तिला एकटीला त्या खोलीत ठेवून मी जिना उतरणार नव्हते. तिची ती मिटलेली मूठ मी माझ्या हातात घेतली, दुसऱ्या हातात ते पान, आणि आम्ही दोघी खाली गेलो. दवाखान्यात खुर्चीवर एक लठ्ठ गृहस्थ आ वासून पडले होते, तोंडात कापसाचे बोळे. डॉक्टरबाई त्यांच्यावर वाकलेल्या.

"काकू, अहो आत कशा आलात? पेशंट आहे."

"हीसुद्धा आहे," मी म्हटलं. "हे आधी वाचा."

त्यांनी हातमोज्यांनीच पान धरलं. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे मला नुसते डोळे दिसत होते.

"हे… हे मिठूने सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत मिठूच बोलली.

"मी नाही सांगितलं, आई. पण आहे ते असंच."

ती बाई तिथेच फरशीवर बसली. मग तिने मुलीला ओढून मांडीत घेतलं, सोळा वर्षांच्या, तिच्याहून उंच मुलीला. हातमोजे काढायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

"पुरे," ती म्हणाली. "पुरे, बाळा. पुरे झालं. काही नको मला. पुरे."

किती वेळा म्हणाली ते मी मोजलं नाही. खुर्चीवरचे गृहस्थ तोंडातल्या बोळ्यांसकट हळूच उठले, गळ्यातला रुमाल काढून ठेवला, आणि बाहेर जाताना दारावरची पाटी 'बंद' अशी फिरवून गेले. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण त्या माणसाचं भलं होवो. वर घड्याळ वाजायला लागलं तेव्हाही आम्ही तिथेच होतो. ते वाजून वाजून आपोआप बंद पडलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरबाई तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मी बरोबर गेले होते, बाहेर बाकावर बसायला. वडील दुसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी खिडकीवरचं सगळं स्वतःच्या हाताने उतरवलं. आलेख फाडताना रडत होते म्हणे. परीक्षा त्या वर्षी दिलीच नाही. बोटं दीड महिन्याने उघडली, मन उघडायला वर्ष लागलं, आणि मध्ये वाईट दिवसही बरेच आले. गेल्या महिन्यात तिचं पत्र आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. अक्षर कोंबडीचे पाय आहे अगदी. मला फार आनंद झाला. रंगपेन्सिलींचा डबा मी तेव्हाच परत केला होता.

ते पान डॉक्टरबाईंनी ठेवून घेतलंय. तळाचा ठसा त्या आपल्या मुलीचाच समजतात.

त्यानंतर मी काम सोडलं. सांधे धरलेत, हे तर आहेच. हे बघ, ही बोटं आता पुरती मिटतसुद्धा नाहीत. पण काल एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलगा हुशार आहे, म्हणाले, फक्त पेपर समोर आला की डोळ्यांपुढे अंधारी येते, डोळ्यांच्या डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि परीक्षेला एकोणीस दिवस राहिलेत. नाही म्हणवेना. म्हणून तुला पाठवतेय. तिथे गेलीस की पेपर उघडायच्या आधी एवढंच विचार, झोप लागते का? उत्तर येईपर्यंत गप्प बस. आणि तो काहीही बोलला तरी पट्टी हातात घेऊ नकोस.

हा घे कोऱ्या पानांचा गठ्ठा. दुकानातून आणला तसाच आहे, दोरासुद्धा सोडलेला नाही. सोड तूच. पॅड मात्र नवीन घ्यावं लागेल, माझं दोन वर्षांपूर्वीच वाळून खडखडीत झालंय.

काय झालं? अशी काय बघतेस?

वरच्याच पानावर? तळाशी?

थांब, दिवा इकडे कर… हो. तिरकी रेघ आहे.

अगं, हात नको लावूस त्याला. लागला ना बोटाला? बघू. ओलाच आहे अजून.